कॅम्पर नेमका कशाला बांधलेला आहे?

पत्र: "पिकअपच्या हौद्यात बसवता आणि हवा तेव्हा उतरवता येणारा एक वापरलेला कॅम्पर, म्हणजे राहण्या-झोपण्याची फिरती खोली, आम्ही गेल्या वर्षी घेतला. कागदांवर त्याचे वजन 780 किलो लिहिलेले आहे. हौद्याच्या आतल्या बाजूला माल बांधण्यासाठी जे चार हूक असतात, त्यांना चार रॅचेट पट्टे लावून आम्ही तो बांधतो. मागच्या प्रवासात एका लांब उतारावरच्या वळणात जोरात ब्रेक लावावा लागला, तेव्हा मागून धप्प असा आवाज आला. थांबून पाहिले, तर कॅम्पर तीन बोटे पुढे आणि थोडा डावीकडे सरकला होता. पट्टे मात्र तुटलेले नव्हते. हौद्यात प्लास्टिकचे अस्तर आहे. एक मित्र म्हणतो, पट्टे आणखी आवळा. दुसरा म्हणतो, चॅसीला कड्या वेल्ड करून साखळ्यांनी बांधा. आम्ही काय करावे? आणि प्रवासात मुले कॅम्परच्या वरच्या पलंगावर झोपली तर चालेल का?"

तुमच्या पत्रातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य तुम्ही जाता जाता लिहिले आहे: पट्टे तुटलेले नव्हते. पट्टे शाबूत राहिले आणि तरीही कॅम्पर सरकला, याचा अर्थ तुमची अडचण पट्ट्याच्या ताकदीची नाही आणि म्हणून ती पट्टा आवळून सुटणारही नाही. पहिल्या मित्राचा सल्ला त्यामुळे बाजूला ठेवू. दुसऱ्या मित्राचे अर्धे म्हणणे बरोबर आहे, बांधणी चॅसीपर्यंत, म्हणजे गाडीच्या तळाच्या पोलादी सांगाड्यापर्यंत, गेलीच पाहिजे. पण वेल्डिंगचे उरलेले अर्धे कृपया अमलात आणू नका. त्याची कारणे पुढे सविस्तर लिहितो आहे. तोपर्यंत एक विनंती आहे, आणि ती मनापासून आहे: आजच्या बांधणीवर हा कॅम्पर घेऊन पुन्हा रस्त्यावर निघू नका. तीन बोटे सरकून थांबला हे तुमचे नशीब, पुढच्या वेळी तो तेवढ्यावर थांबेल असे तुमच्या बांधणीत काहीही नाही.

आधी हे पाहू की कॅम्परला जागेवर धरायचे म्हणजे किती जोराला तोंड द्यायचे. रस्त्यावरच्या मालबांधणीसाठी युरोपात वापरले जाणारे मानक असे सांगते की, पुढच्या दिशेने मालाच्या वजनाच्या 0.8 पट आणि बाजूंना व मागच्या दिशेने 0.5 पट जोर येईल असे धरून बांधणी करावी. अमेरिकेतल्या व्यावसायिक वाहनांच्या नियमांतही हेच आकडे आढळतात. हे आकडे अपघातासाठी नाहीत. जोरात ब्रेक लावणे, अचानक गाडी वळवणे, अशा रोजच्या रस्त्यावर कधीही येऊ शकणाऱ्या प्रसंगांसाठी ते आहेत. हिशेब सोपा जावा म्हणून भरलेल्या कॅम्परचे वजन 1000 किलो धरा. म्हणजे जोरात ब्रेक लावल्यावर तो साधारण 800 किलोच्या जोराने पुढे जाऊ पाहतो, आणि तीव्र वळणात 500 किलोच्या जोराने बाहेरच्या बाजूला.

या जोराला सर्वांत आधी अडवते ते कॅम्परच्या तळाचे आणि हौद्याच्या तळाचे घर्षण, आणि तुमचा घात नेमका इथे झाला आहे. प्लास्टिकच्या गुळगुळीत अस्तरावर घर्षण वजनाच्या जेमतेम पाचव्या भागाइतके मिळते, म्हणजे 1000 किलोच्या कॅम्परला सुमारे 200 किलो, आणि 800 पैकी तेवढेच अडतात. उरलेले 600 किलो कोणीतरी दुसऱ्याने सोसायचे. त्याच जागी जाड रबराची चटई असली, तर घर्षण वजनाच्या 0.6 पटीपर्यंत जाते, म्हणजे 600 किलो तिथेच अडतात आणि बांधणीच्या वाट्याला 200 उरतात. चटई बदलली एवढ्यानेच बांधणीवरचा भार तिपटीने हलका झाला. मला वाटते, कॅम्परच्या बाबतीत इतक्या थोड्या कष्टात इतका मोठा फरक पाडणारी दुसरी गोष्ट नाही. तेव्हा ते प्लास्टिकचे अस्तर पूर्ण काढून टाका, खाली साठलेली माती आणि वाळू धुऊन काढा, आणि हौद्याच्या पत्र्यावर थेट रबराची जाड, खरखरीत चटई अंथरा. अस्तरावर चटई टाकू नका, कारण मग चटईच कॅम्परला पाठीवर घेऊन अस्तरावरून घसरते. चटई आणि पत्रा यांच्यामध्ये वाळू गेली, तर ती बारीक गोट्यांसारखी काम करते, म्हणून कॅम्पर उतरवाल तेव्हा दरवेळी चटई उचलून झाडून घेण्याची सवय लावा.

घर्षणावर सगळी भिस्त मात्र ठेवता येत नाही. गाडी खड्ड्यातून किंवा गतिरोधकावरून उसळते त्या क्षणी कॅम्परचे वजन तळावरून जवळजवळ उठलेले असते, आणि जिथे दाब नाही तिथे घर्षणही नाही. ब्रेक आणि खड्डा एकाच वेळी आले की रबरही हतबल होते. म्हणून बांधणीचे पहिले काम कॅम्परला ओढून धरण्याचे नाही, तर त्याला सतत खाली दाबून ठेवण्याचे आहे. चार कोपऱ्यांवरच्या चार बांधण्या 45 अंशांच्या तिरक्या रेषेत आहेत आणि प्रत्येकीत 150 किलोचा ताण दिलेला आहे असे समजा. त्यातून खालच्या दिशेने एकूण सव्वाचारशे किलोच्या आसपास दाब मिळतो आणि रबरी चटईवर त्यामुळे अडीचशे किलो घर्षण वाढते. वर उरलेले 200 किलो इथेच भरून निघाले. हा हिशेब ढोबळ आहे, तुमच्या कॅम्परला किती ताण द्यायचा हे त्याच्या निर्मात्याच्या पुस्तिकेवरूनच ठरवायचे. पण थोडा, कायम टिकणारा, खाली ओढणारा ताण काय करू शकतो, हे त्यातून लक्षात येईल.

आता धप्प असा आवाज कुठून आला ते पाहू. कॅम्परचे नाक आणि हौद्याची केबिनमागची भिंत यांच्यामध्ये मोकळी जागा राहिली असणार. तेवढ्या जागेत कॅम्परने वेग घेतला आणि तो भिंतीवर जाऊन आदळला. हीच भिंत पुढच्या दिशेने तुमची सर्वांत भक्कम साथीदार ठरू शकते, मात्र कॅम्पर आधीपासूनच तिला टेकलेला असला पाहिजे. टेकलेल्या वस्तूचा भिंतीवर दाब येतो, तर लांबून आलेल्या वस्तूचा तिला घाव बसतो. कॅम्परच्या पुढच्या भागाला रबरी गुटके असतील तर ते भिंतीला नीट टेकेपर्यंत कॅम्पर पुढे घ्या. तो अन्य कुठे अडत असल्यामुळे टेकत नसेल, तर मधल्या अंतराच्या मापाचा, हौद्याच्या जवळजवळ पूर्ण रुंदीचा लाकडी ठोकळा करून तो तळाशी पक्का बसवा. बाजूंनाही तेच करायचे आहे. चाकांच्या कमानी आणि कॅम्परची बाजू यांच्यात दोन्हीकडे मापाच्या लाकडी पट्ट्या बसवल्या, म्हणजे डावी-उजवीकडे सरकायला वावच उरत नाही. लाकूड सुटून रस्त्यावर पडणार नाही, अशा बेताने ते बांधून किंवा स्क्रूने धरून ठेवा.

पुढे ठोकळा घालण्यापूर्वी एक गोष्ट तपासा. बहुतेक कॅम्परच्या बाहेरच्या बाजूवर गुरुत्वमध्याची खूण चिकटवलेली असते. कॅम्पर हौद्यात बसल्यावर ही खूण मागच्या आसाच्या बरोबर वर किंवा किंचित पुढे आली पाहिजे. ती आसाच्या मागे जात असेल, तर पुढची चाके हलकी होतात, स्टिअरिंग तरंगल्यासारखे वाटते आणि पुढच्या चाकांची ब्रेकची पकड कमी होते. अशा वेळी तो कॅम्पर त्या गाडीचा नाहीच, मग बांधणी कितीही उत्तम असो.

वजनाचे तर बोललेच पाहिजे, कारण कागदावरचे 780 किलो हे रिकाम्या कॅम्परचे वजन असण्याची दाट शक्यता आहे. पाण्याची टाकी 80 लिटरची असेल तर 80 किलो तिथेच वाढले. बॅटरी, गॅसचे सिलिंडर, गाद्या, भांडी, कपडे, अन्न आणि आधीच्या मालकाने बसवून घेतलेल्या वस्तू वेगळ्याच. गाडी पूर्ण भरून, प्रवासात असतील तितकी माणसे आत बसवून, वजनकाट्यावर घेऊन जा आणि तीन वजने करा: एकदा फक्त पुढची चाके, एकदा फक्त मागची, एकदा संपूर्ण गाडी. हे आकडे गाडीच्या दाराच्या चौकटीवर किंवा पुस्तिकेत दिलेल्या एकूण वजनाच्या आणि प्रत्येक आसाच्या मर्यादेशी ताडून पाहा, टायरच्या बाजूवर लिहिलेली भारक्षमताही त्यात धरा. मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांना हवेच्या पिशव्या लावल्या की गाडी मागून बसत नाही हे खरे, परंतु त्यामुळे आसाची, टायरची किंवा ब्रेकची मर्यादा एका किलोनेही वाढत नाही.

आता त्या चार हुकांकडे येतो. ते हूक गवताचे भारे, मोटारसायकल, घरसामान यांच्यासाठी असतात. त्यांची मर्यादा गाडीच्या पुस्तिकेत दिलेली असते. ती उघडून वाचा, म्हणजे कॅम्पर त्यांच्यावर का सोडता येत नाही हे माझ्या सांगण्यापेक्षा अधिक पटेल. शिवाय ते ज्या पत्र्याला बसवलेले असतात, तो पातळ असतो. मला हे शिकायला एक पावसाळी दिवस लागला. पुष्कळ वर्षांपूर्वी मीही आतल्या हुकांनाच बांधून फिरत असे. ज्या कारागिराने ती बांधणी करून दिली, त्याने ती पुरेशी असल्याचे ठामपणे सांगितले होते आणि मी ते तपासून पाहिले नाही. एका लांब प्रवासानंतर कॅम्पर उतरवला, तेव्हा मागच्या डाव्या हुकाखालच्या पत्र्यात अर्धचंद्राच्या आकाराची चीर दिसली. हुकाच्या बोल्टचे गोल भोक लांबुडके झाले होते आणि त्याच्या कडेने धातूची एक चकचकीत रेघ उमटली होती, नुकतीच घासल्यासारखी. हौद्याची बाजूची भिंत आतल्या अंगाला बोटभर वाकली होती. पट्टा तेव्हाही तुटलेला नव्हता. त्या दिवसापासून मी प्रत्येक बांधणीकडे पाहताना एकच प्रश्न विचारतो: हा ताण कुठून निघतो आणि शेवटी कुठे जाऊन पोहोचतो? कॅम्परच्या सांगाड्यातून निघालेला ताण गाडीच्या चॅसीत जाऊन संपला पाहिजे. वाटेत तो कुठेही पातळ पत्र्यावर सोपवला असेल, तर ती बांधणी त्या पत्र्याइतकीच मजबूत.

म्हणून तुमच्यासाठी योग्य मार्ग म्हणजे चॅसीला धरणारे, हौद्याच्या खालून बाहेर येणारे चार ब्रॅकेट. तुमच्या गाडीच्या अचूक मॉडेलसाठी तयार केलेले संच मिळतात आणि ते चॅसीवर मुळातच असलेल्या भोकांत किंवा टोइंग हुकाच्या जागी बोल्टने बसतात. चॅसीला वेल्डिंग करू नका असे मी का म्हणतो? अनेक पिकअपच्या चॅसी उच्च ताकदीच्या पोलादाच्या असतात. वेल्डिंगच्या उष्णतेने शिवणीच्या आजूबाजूचा पट्टा मूळ गुण गमावतो आणि नेमक्या त्याच जागी, महिनोन्महिने हिसके खाल्ल्यानंतर, तडा सुरू होतो. तो रंगाखाली दिसतही नाही. चॅसीच्या वरच्या व खालच्या आडव्या पाळीला नवीन भोक पाडणेही तितकेच वाईट, कारण वाकताना सर्वाधिक ताण त्या पाळ्यांवरच येतो. बोल्ट वापराल ते डोक्यावर 8.8 किंवा त्याहून वरचा आकडा कोरलेले घ्या, नट नायलॉनची कडी असलेले घ्या, आणि संचाच्या सूचनेत दिलेल्या मापानेच टॉर्क पान्याने घट्ट करा.

काही हलक्या, छत खाली बसवता येणाऱ्या कॅम्परना हौद्याच्या आतूनच, तळाला बसवलेल्या कड्यांशी बांधण्याची सोय दिलेली असते. निर्मात्याने ती तशी दिली असेल तर ती वापरायला हरकत नाही. मात्र कडी ठोकून घडवलेली, पूर्ण बंद हवी. सळई वाकवून केलेली कडी ताणाखाली उलगडते. आणि पत्र्याच्या खालच्या बाजूने, शक्यतो हौद्याच्या आडव्या तुळईला लागून, तळहाताएवढी जाड पोलादी पट्टी लावून बोल्टचा भार पसरलेला असावा. नुसते वायसर लावून भागत नाही. तुमचा कॅम्पर या वर्गातला नाही, त्यामुळे तुम्ही चॅसीचाच मार्ग धरा.

ब्रॅकेट बसवताना रेषांची दिशा नीट पाहा. पुढच्या जोडीचे खालचे टोक वरच्या टोकापेक्षा पुढे असावे, म्हणजे ती कॅम्परला खाली आणि भिंतीकडे ओढते, तर मागच्या जोडीचे खालचे टोक मागे असावे, म्हणजे ती खाली आणि मागे ओढते. दोन्ही जोड्या एकमेकींच्या विरुद्ध ओढतात, म्हणूनच कॅम्पर दोन्ही दिशांना धरला जातो. चारही रेषा एकाच दिशेला कललेल्या असतील, तर एका दिशेला तो जवळजवळ मोकळाच असतो. डावी आणि उजवी बाजू आरशातल्या प्रतिबिंबासारखी सारखी असली पाहिजे. बाजूच्या झोकासाठीही या बांधण्यांची गरज आहे: तुमच्या कॅम्परचा तळ चाकांच्या कमानींच्या मध्ये बसतो, म्हणजे तो रुंदीला सव्वा मीटरच्या आसपास असणार, आणि त्याचा गुरुत्वमध्य तळापासून मीटरभर उंच धरला, तर तो उलटू लागायला वजनाच्या साधारण 0.6 पट जोर पुरतो. मानकातला 0.5 हा आकडा त्याच्या किती जवळ आहे पाहा. वळणात रस्ता बाहेर कललेला असला किंवा आतले चाक एखाद्या उंचवट्यावर चढले, तर मधले अंतर लगेच संपते आणि आतल्या बाजूच्या दोन बांधण्याच कॅम्परला खाली धरून ठेवतात.

ब्रॅकेट उत्तम बसले तरी ताणाचे दुसरे टोक कॅम्परमध्ये आहे, आणि तुमचा कॅम्पर वापरलेला असल्याने मला त्याची अधिक काळजी वाटते. कॅम्परच्या दोन्ही बाजूंना हौद्यावर येणाऱ्या पंखांच्या खाली जिथे कड्या असतात, तिथली आतली चौकट पुष्कळदा लाकडाची असते. कडीच्या स्क्रूभोवतीचा लेप एकदा तडकला की पाणी आत शिरते, प्लायवूड आतल्या आत कुजते, आणि बाहेरचा ॲल्युमिनियमचा पत्रा मात्र चांगला दिसत राहतो. प्रत्येक कडीभोवती स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलकेच ठोकून ऐका. कोरड्या लाकडाचा आवाज ठणठणीत येतो, कुजलेल्याचा बद्द. पंखाची खालची बाजू अंगठ्याने दाबून पाहा, ती दबत असेल किंवा कडीजवळचा पत्रा सुरकुतलेला असेल, तर आधी ती चौकट उघडून नवे लाकूड आणि आतून पोलादी पट्टी घालून घ्या. हे काम झाल्याशिवाय कॅम्पर कितीही भक्कम चॅसीला बांधला, तरी कडी लाकडासकट हातात येईल.

दोन टोके पक्की झाली की मधला दुवा निवडणे त्या मानाने सोपे आहे. पॉलिएस्टरचा पट्टा पूर्ण भाराखाली काही टक्के लांबतो, म्हणजे मीटरभर पट्ट्यात काही सेंटीमीटर. नायलॉन त्याहून अधिक ताणते आणि भिजल्यावर आणखी. उन्हाने आणि पत्र्याच्या कडेवर घासूनही पट्टे कमजोर होतात. जवळ दोन पट्टे राखीव जरूर ठेवा, पण रोजची बांधणी त्यांच्यावर नको. नुसती साखळी आणि साधे टर्नबकल (फिरवून ताण कमीजास्त करता येणारा, आट्यांचा दुवा) ही जोडी ताणत नाही, पण तिचा वेगळा दोष आहे: खडबडीत रस्त्यावर चॅसी पिळवटते, हौदा आणि कॅम्पर यांच्यातले अंतर मिलिमीटरांनी कमीजास्त होते, साखळी क्षणभर सैल पडते आणि पुढच्याच क्षणी हिसका देते. हा हिसका संथ ताणाच्या कितीतरी पट असतो, आणि सैल पडलेला उघडा हूक त्याच क्षणी निसटतो. म्हणून आत स्प्रिंग असलेले टर्नबकल घ्या. चॅसी पिळवटली तरी स्प्रिंग ताण सोडत नाही, आणि हिसकाही पिऊन टाकते. टोकाला उघडा हूक नको, खीळ असलेला चिमटा किंवा जिभेचा हूक हवा. टर्नबकलचा आणि साखळीचा सुरक्षित कार्यभार ठरलेला असतो. तुटण्याचा आकडा त्याच्या काही पट मोठा असतो आणि जाहिरातीत बहुधा तोच ठळक दिसतो, तेव्हा खरेदी करताना कोणता आकडा वाचत आहात याकडे लक्ष द्या.

किती आवळायचे, या तुमच्या पहिल्या मित्राच्या सल्ल्यातून निघणाऱ्या प्रश्नाचे उत्तर आता देता येईल. स्प्रिंगच्या टर्नबकलवर ती किती दाबली जावी याची खूण असते, तिच्यापर्यंत आणि तिच्यापुढे नाही. स्प्रिंग पूर्ण मिटवली तर तिचा उपयोगच संपतो आणि राहते ती नुसती सळई. खूण नसेल, तर हाताने फिरवून सैलपणा पूर्ण जाईपर्यंत आणि त्यानंतर पुस्तिकेत सांगितले असेल तितकेच. पान्याने किंवा नळी लावून आवळणे म्हणजे त्या लाकडी चौकटीला रोज थोडे थोडे उपटणे आहे. आधी पुढची जोडी थोडी घ्या, म्हणजे कॅम्पर भिंतीला टेकून राहील, मग मागची, मग तिरक्या क्रमाने चारही सारख्या करत या. शेवटी टर्नबकलचे चेकनट, म्हणजे त्याला जागेवर अडकवून ठेवणारे नट, घट्ट करा, कारण थरथरीने आटे उलटे फिरतात.

कॅम्पर चढवताना गाडी सपाट, कठीण जमिनीवर घ्या आणि चाकांना ठोकळे लावा. चारही जॅक थोडे थोडे वाढवत कॅम्परचे नाक शेपटीपेक्षा किंचित उंच ठेवा, म्हणजे केबिनवर येणाऱ्या भागाचे वजन त्याला पुढे ओढणार नाही. जॅकवर उभ्या कॅम्परखाली कोणी जायचे नाही, मुलांना तर त्या बाजूला फिरकूही देऊ नका. खाली बसल्यावर कॅम्परचे वजन हौद्याच्या तळावरच आले पाहिजे. पंख हौद्याच्या भिंतींवर टेकत असतील तर तळाखाली भर घालून त्याला उंच घ्या. वरचा पलंगाचा भाग आणि केबिनचे छत यांच्यातही काही सेंटीमीटर मोकळी हवा राहू द्या, कारण चालताना केबिन आणि हौदा वेगवेगळे डुलतात. जॅक पूर्ण वर, गॅसची कळ बंद, आणि मगच गाडी हलवायची.

पहिल्या 15 ते 20 किलोमीटरनंतर थांबाच. चटई दबलेली असते, लाकूड बसलेले असते, आणि नव्या बांधणीत जवळजवळ हमखास थोडा ढिलेपणा आलेला असतो. त्यानंतर प्रत्येक थांब्यावर गाडीभोवती एक फेरी मारा. हे सोपे व्हावे म्हणून मी दोन खुणा करतो. प्रत्येक नटावरून शेजारच्या धातूवर रंगाच्या पेनने एक सरळ रेघ ओढतो, म्हणजे नट जरा जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते. आणि कॅम्परच्या मागच्या कडेवर आणि हौद्याच्या कडेवर समोरासमोर चिकटपट्टीचे दोन तुकडे लावतो. ते एकमेकांसमोरून दोन-तीन मिलिमीटर हलले, तरी मी प्रवास थांबवून कारण शोधतो. तुम्हाला तीन बोटांनंतर जे कळले, ते या पट्टीवर पहिल्याच दिवशी दिसले असते. बांधणीत कुठेही धातूची ताजी चकचकीत रेघ उमटलेली दिसली, तर तिथे काहीतरी घासते आहे, म्हणजेच हलते आहे, असे समजा.

मुलांच्या प्रश्नाला माझे उत्तर स्पष्ट नकार असे आहे. वर लिहिलेली सगळी काळजी जोरात ब्रेक लावण्यापर्यंतच्या प्रसंगांसाठी आहे. समोरासमोरच्या धडकेत येणारा जोर त्याच्या अनेक पट असतो आणि तिथे कॅम्परची कोणतीही बांधणी मी भरवशाची मानत नाही. वरच्या पलंगाला पट्टे नाहीत, त्याच्या भिंती पातळ आहेत, आणि साध्या ब्रेकनेसुद्धा झोपलेले मूल पुढच्या खिडकीवर जाऊन आदळू शकते. शिवाय आत धूर झाला किंवा गॅस गळला, तर गाडी चालवणाऱ्याला ते कळणारही नाही. मुलांना केबिनमध्येच, त्यांच्या वयाला योग्य अशा आसनावर, सीटबेल्ट लावून बसवा. केबिनमध्ये सर्वांना जागा पुरत नसेल, तर उरलेल्यांसाठी दुसरी गाडी घ्या, आणि मुलांना त्या पलंगावर झोपायचे असेल तेव्हा मुक्कामी, चाकांना ठोकळे लावल्यानंतर झोपू द्या.